भायेरचं पाणी

जेलरसाहेब, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात टाकीच्या पाण्याने जेलात पटकी पसरली हे कळताच तुम्ही शिपायांना घरचं पाणी आणायला लावलंत, आणि कैद्यांसाठी तीच टाकी ठेवलीत. बांधाच्या मारामारीत धरलेल्या नवऱ्यासाठी पलूसची धोंडुबाई तो फौजेत असतानाच्या त्याच्या बाटलीत उकळलेलं पाणी घेऊन आली. दारावरच्या शिपायाने बाटली मातीत उपडी केली. “भायेरचं पाणी आत चालत न्हाई, मावशे. तुजा नवरा सरकारचा जावई, सरकार पाजतंय की!” तेवढ्यात आतून मढं निघालं. घोंगडीबाहेरचे पाय तिने जीव मुठीत धरून न्याहाळले. नवऱ्याचे नव्हते. तिला हायसं वाटलं, आणि स्वतःचीच शिसारी आली. दाराबाहेर ठेवलेली घरची बाटली उचलून शिपाई गजांआड गेला आणि घटाघटा पाणी प्याला. धोंडुबाईने गज धरले. “आवं, तुमचं ह्ये भायेरचं पाणी आत कसं चालतं? सायबाला हितं बोलवा, मला आत्ताच त्येच्या तोंडनं ऐकायचंय!”