शिडीवरचा माणूस

गच्चीखालच्या कॅमेऱ्याच्या वायरच्या जोडात पाणी शिरलं होतं. बाई खालच्या खोलीत मोबाइल घेऊन बसल्या होत्या आणि खिडकीतून ओरडून सांगत होत्या.

"चित्र धुरकट आहे. त्यात तुम्ही मधे मधे येताय!"

मी जोड नव्याने केला आणि त्यावर टेप गुंडाळू लागलो, खालून वर, म्हणजे पाणी वरच्यावर ओघळतं.

"आता बरं दिसतंय. पण तुमचा हात कुठे गेला?"

"समोरच तर आहे," मी हसून हात हलवला.

मग जोडावर बॉक्स बसवला, कडेने सिलिकॉन भरलं. आता थेंबही आत शिरणार नव्हता.

"वा! कुंडीतलं पान न् पान दिसतंय!" आणि लगेच बाईंचा आवाज चढला. "अहो, हा मेला शिडी टाकून गेला की!"

"बाई, मी वरच आहे!" मी ओरडलो.

त्यांचे यजमान बाहेर शिडीखालच्या फरशीवर आले. वर बघितलं. त्यांची नजर माझ्यावरून सरळ कॅमेऱ्यावर गेली. त्यांनी शिडी ओढली. ती हलेना.

"रिकामी शिडी एवढी जड कशी?"

"अडकली असेल कुठेतरी," बाई दारातून म्हणाल्या. "घाला एक लाथ."