चाळीस खुर्च्या आणि एक नकार

ठामपणे बोलायला शिकवणाऱ्या वर्गात मुद्रितशोधकाचं नाव बायकोने परस्पर घातलं, आणि त्याला नको म्हणता आलं नाही. दर वेळी वर्ग सुटला की शिकवणाऱ्या बाई लाघवीपणे म्हणायच्या, "दादा, तेवढ्या खुर्च्या रचाल का?" आणि तो चाळीसच्या चाळीस रचायचा. शेवटच्या दिवशी, बघू तरी काय होतं, म्हणून तो म्हणाला, "नाही रचणार." आभाळ कोसळलं नाही. बाईंनी कारण विचारलं. "कारण द्यायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत." बाई हसल्या, पण नजर दाराकडे वळली. तिथे सभागृहाचा रखवालदार किल्ल्या खुळखुळवत उभा होता. "रचणं खरं तर त्यांचं काम," बाई कुजबुजल्या, "पण पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्हीच रचून जा. मी हो म्हणून बसले." "मग आता?" त्याने विचारलं. बाईंनी वही उघडली. "मघाशी कसं म्हणालात? पुन्हा सांगा. सावकाश."