तिसरी खेप

"यंदा तिसऱ्या खेपेलाबी न्हाईच म्हणले चाचा," स्कूटी आडतीसमोर लावत संस्कृती म्हणाली. विज्ञान मंडळाची ती या वर्षीची सचिव. "तुमच्या टायमाला देत होते ना, ताई?"

काही वर्षांपूर्वी याच मंडळात असलेल्या योगिताने मान हलवली. खाजामियाँ फळवाल्यांची रीत अंबाजोगाईच्या त्या कॉलेजात सगळ्यांना पाठ होती. पहिल्या खेपेला एकच प्रश्न टाकून हाकलणार. दुसऱ्या खेपेला प्रश्न विचारून घाम काढणार. तिसऱ्या खेपेला गल्ल्यातून देणगीचं पाकीट. बॅनरवर नाव मात्र कधी टाकू द्यायचे नाहीत. बाकीचे दुकानदार चहा पाजायचे आणि सोमवारी या म्हणायचे. मंडळाची दुर्बीण तलवाडा, तेलगावकडच्या शाळांतून फिरायची ती चाचांच्या पाकिटावर.

पाकीट नाही तर दुर्बीण कपाटात. म्हणून रजा टाकून ती पुण्याहून आली होती.

आत सीताफळांचा तोच वास होता. तिला आपली पहिली खेप आठवली. मंडळ बघणाऱ्या वनमाला मॅडम दारापर्यंतसुद्धा आल्या नव्हत्या. "मंडळ तुमचं, तुम्हीच बोला," एवढंच म्हणाल्या. आणि चाचांनी क्रेटमधून मान वर न काढता विचारलं होतं, "शनीला कडं हाय म्हणतीस, मंग मला कावून दिसत न्हाई?" ती रडतच परतली.

पुढच्या खेपेला तिने त्यांच्याच सीताफळाभोवती सुतळी धरून कडं दाखवलं. "समजलं न्हाई, परत सांग," चाचा म्हणाले. तिने परत सांगितलं. त्यानंतर ती कुठल्याच मुलाखतीत अडखळली नाही.

हे मॅडमना एकदा सांगायचं राहून गेलं. या उन्हाळ्यात मॅडम वारल्या.

"लई दिसांनी आलीस," चाचा म्हणाले. मग संस्कृतीकडे वळले. "पोरी, पलीकडं तीन चहा सांगून ये."

संस्कृती गेली.

"चाचा, तिचं काही चुकलं का?"

"कशाचं चुकतंय. झकास बोलती. तुझ्यावानी रडली न्हाई."

"मग धंदा बसलाय का?"

"धंदा हाय तसा हाय." चाचांनी एक सीताफळ दाबून पाहिलं, पिकल्यांत ठेवलं.

"मग का नाही दिलंत? पोरांची दुर्बीण बंद पडेल."

"मला का बरं वाटतंय व्हय?"

"निदान पुढच्या वर्षी तरी द्या."

"ते तुझ्यावर हाय."

योगिताला कळेना. चाचांनी रस्त्याकडे पाहिलं. संस्कृती चहावाल्याशी बोलत उभी होती. त्यांनी आवाज खाली घेतला.

"पाकीट दर साली वनमाला मॅडम आणून ठेवायच्या. आता तू ठेवत जा. हाकलायचं काम माझ्याकडंच ऱ्हाऊ दे."