झबल्याचा कागद

“गठ्ठा फोडत नाय आम्ही,” विक्रीला बसलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या. “घ्यायचा तर सगळा घ्या.”

जुन्या कागदी नमुन्यांच्या गठ्ठ्यातून ओढून काढलेला कागद विश्वजितने हातातून सोडला नाही. खाकी कागदावर बेतलेला झबल्याचा तो जुना नमुना जेमतेम त्याच्या तळहाताएवढा होता. कापड दुमडून घडीवर ठेवायचा अर्धा भाग. कडा मऊ पडलेल्या, गळ्यापाशी टाचणीची बारीक भोके. औरंगपुऱ्यातल्या महिला मंडळाच्या सभागृहात अनाथाश्रमाच्या मदतीसाठी दान आलेल्या कापडांची विक्री चालली होती. कटपिसांचे ढीग, हिमरू शालींचे उरलेले तुकडे, कुणाकुणाच्या ओटीत पडून कधीच न शिवलेली ब्लाऊजपिसे. बायका ढिगांत कोपरापर्यंत हात घालून हसत होत्या, स्वस्तात गवसलेले एकमेकींना दाखवत होत्या. त्या आनंदात आपण चोरासारखे शिरलो आहोत, असे त्याला वाटत होते.

कापड त्याला मिळाले होते. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली जुनी मलमल. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, ही घरची रीत होती. आणि बारसे हा शब्द घरात आता कुणी उच्चारत नव्हते. सातवा महिना लागतो न लागतो तोच जन्मलेली मुलगी रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. तिच्या अंगावर नळ्या होत्या, चिकटपट्ट्या होत्या. कापड नव्हते. सकाळी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतले आणि मनाची तयारी ठेवा, एवढेच सांगितले. बायकोला, मनस्विनीला, त्याने ते सांगितले नाही. तिने त्याच्या पावलांवरून ओळखले. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, “तिला उघडी जाऊ देऊ नकोस, विश्वजित. एवढंच कर.”

तेव्हापासून तो झबले शोधत होता. दुकानांतले लहानात लहान झबलेही तिला पांघरुणासारखे झाले असते. आई शिवायला तयार होती, पण मशीनपुढे बसून तिने हात मांडीवर ठेवले. “एवढ्याशा मापाचं मी कधी बेतलंच नाही रे,” ती म्हणाली.

“ओ भाऊ, सरका! नायतर तुमच्यासकट उचलीन!”

दोन्ही खांद्यांवर गाठोडी घेतलेला एक धिप्पाड माणूस आत येत होता. दाराच्या चौकटीत तो अडकला, तिरका झाला, तसाच घुसला. बायका हसल्या.

“हळू रे रेड्या, दार नेशील संगट,” वच्छलाबाई त्याच्यावर खेकसल्या आणि पुन्हा विश्वजितकडे वळल्या. “लई कामाचा गठ्ठा हाय, दादा. आता शिवायला डोळं राहिलं नाय, म्हणून दिला मंडळाला. झबलं हाय, बंडी हाय, साळंचा सदरा, पार लग्नातल्या कोटापर्यंत. पोर वाढंल तसतसा पुढचा कागद काढायचा.”

“मला हा एकच द्या, मावशी. हवं तर सगळ्याची किंमत घ्या.”

“अन् बाकीचे?”

“ते लागणार नाहीत.”

“आज नाय लागणार. उद्या...”

“उद्याही नाहीत.”

आपला आवाज इतका कोरडा असू शकतो, हे त्याला प्रथमच कळले. ढिगापाशी वाकलेली एक बाई मागे वळून पाहू लागली. तो हळू बोलला. “तिला नेताना घालायचंय. तेवढ्यापुरतंच.”

“त्याच्या बाहीचा कागद आत हाय,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी गठ्ठा जवळ ओढला, मांडीवर घेतला आणि त्याची सुतळी सोडायला लागल्या. गाठ जुनी होती. त्यांची नखे तिच्यावरून निसटत होती.

“एवढं लहान कुणासाठी बेतलं होतं?” विश्वजितने विचारले आणि विचारताच तो पस्तावला. असल्या मापाचे झबले कशासाठी बेततात, हे आज त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

“माझंच होतं,” वच्छलाबाई गाठीकडे पाहत म्हणाल्या. “गावाकडं, पिशोरला. सातव्यातच झालं. तवा कुठल्या पेट्या अन् कुठलं काय! कापसात गुंडाळलं अन् छातीशी धरून बसले. पोर रडायचं बी नाय, नुसतं तोंड उघडायचं. सासू म्हणली, उघडं नगं न्यायला. म्हणून बेतलं.”

विश्वजितने मान खाली घातली.

“पुंडलिक! इकडं ये.”

गाठोडी टाकून तो धिप्पाड माणूस घाम पुसत आला. वच्छलाबाईंनी गठ्ठा बाजूला ठेवला, उठून विश्वजितच्या हातातला कागद काढून घेतला आणि टाचा उंचावून त्या माणसाच्या छातीवर धरला.

“आता कशाचं माप घेतीस, माय?” तो हसला.

कागदाने त्याच्या शर्टाचा खिसाही पुरता झाकला नाही.

“हेच ते पोर. माझं राहिलं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तुमचं राहील का, मला नाय ठावं, दादा. खोटं कशाला बोलू?” त्यांनी कागद विश्वजितच्या हातात परत दिला आणि पुन्हा गाठीशी वाकल्या. “थांबा. आली सुटत.”

विश्वजितने तो कागद गठ्ठ्याच्या अगदी वरती ठेवला, आणि सैल झालेल्या गाठीवर आपला हात दाबून धरला.

“राहू द्या, मावशी,” तो म्हणाला. “सगळा नेतो. गठ्ठा फोडू नका.”