अस्तरावरची शाळा

“सुट्टीत कसला गं अभ्यास?” मावशीनं पिशवी टेबलावर आपटली. “तिकडे पोरांनी घर डोक्यावर घेतलंय. सगळी हिचीच वाट बघतायत.”

“एवढी उजळणी होऊ दे, ताई.” आईनं मान वरसुद्धा केली नाही.

काळ्या अस्तराचा तुकडा आणि कापडावर खुणा करायचा खडू, एवढीच बटणची शाळा. आई शिवणखात्यात होती, मायलेकी राहायच्याही तिथंच. बटण हे नाव तिथल्या बायकांनी ठेवलं, कारण पोरगी सारखी कुणाला ना कुणाला चिकटलेली. बेरीज ती बटणांवर शिकली, प्राणी चिंध्यांवर. आईनं तिला हत्ती शिवून दिला, गाय दिली, मांजर दिलं.

“घड्याळ अजून पक्कं नाही हिचं,” आई म्हणाली. “शाळेत मुलं हसतील.”

“हसू देत. माझी कार्टी तर मलाच हसतात! अगं, भावंडांत राहिली की आपोआप शिकेल. सगळं काय तूच शिकवणार?”

आईच्या हातातला खडू मोडला.

“आई, तू पण चल ना.”

“मला नाही गं सुट्टी, राणी.”

“बरं. मग मी सुट्टी संपली की येते.”

आईनं मावशीकडे बघितलं. मावशी पिशवीची चेन लावत बसली. ती आधीच लागलेली होती.

“पाचाचा पाढा म्हण,” आई म्हणाली.

बटणनं धाडधाड म्हटला. आईनं परत म्हणायला लावला. मग आणखी एकदा. शेवटी दारातल्या मॅडमच म्हणाल्या, “आटपा आता.”

मावशीच्या घरी नुसता धुडगूस चालला होता. मावसदादानं मांजर उचलून पुढं केलं, तशी बटण भिंतीला जाऊन टेकली.

“एवढं मोठं?”

“मग केवढं असतं?”

तिनं तळहात दाखवला.

“आणि हत्ती?”

तिनं तोच तळहात पुन्हा दाखवला. पोरं हसून हसून जमिनीवर लोळली.

“हीच का ती आईची शाळा?” मावसदादा म्हणाला. मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

बटण रडली नाही. हळूच एक बोट पुढं करून तिनं मांजराच्या पाठीला लावलं. मांजर गुरगुरलं. “आईला सांगायला पाहिजे,” ती म्हणाली. “तिचं चुकलंय.”

जेवताना ती मावसदादाला खेटूनच बसली. त्याच्या ताटातलं त्याला न विचारता उचललं, वर खुदकन हसली. मावशीला हायसं वाटलं. रुळेल पोर. चार दिवसांत मागचं सगळं विसरेल.

सकाळी मावशीनं खोलीचं दार ढकललं. पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून घोरत होती. बटण तेवढी उठलेली. पांघरुणाची चौकोनी घडी पायाशी, हात अंगाला चिकटलेले, नजर जमिनीवर.

दार करकरताच ती खणखणीत आवाजात म्हणाली, “कोठडी चार, मॅडम. आई हजर, बटण हजर.”