धपाट्यांची मानकरीण

"अहो सिस्टर, इवलासा जीव तो! टिचक्या काय मारताय?" काचेच्या पेटीपाशी उभा असलेला दिगंबर कळवळला.

"श्वास घ्यायला विसरतोय. आठवण नको करायला?" धनावडे सिस्टरांनी त्याच्या मुलाच्या तळपायाला आणखी एक टिचकी मारली. बाळाची छाती हलली. "सातव्या महिन्यातच आलाय. घाईत एखादी गोष्ट शिकायची राहतेच."

त्यानंतर मशीन वाजलं की दिगंबरच ओरडायचा, "सिस्टर, टिचकी!"

बाळ घरी आलं, बारसं ठरलं, तेव्हा पंचाईत लक्षात आली. नाव ठेवायला आत्या हवी आणि दिगंबरला बहीणच नव्हती.

"नाही कशी?" बायको म्हणाली. "इतके दिवस 'सिस्टर, सिस्टर' करत कुणाच्या मागे धावत होतास?"

धनावडे सिस्टर ठेवणीतली साडी नेसून आल्या. पाळण्यात वाकून त्यांनी बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. जिने पोर वाचवलं तिला सगळ्यांनी मिळून बडवायचं, ही आभार मानायची पद्धत दिगंबरला मनापासून पटली.

तेवढ्यात बाळाची कुरकुर एकदम थांबली. धपाटेही थांबले. सिस्टरांचं बोट सवयीने तळपायाकडे गेलं. टिचकी बसण्याआधीच बाळाने छाती भरून श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

"आता नाही हो विसरत!" सिस्टरांनी डोळे पुसले आणि पाठ पुन्हा पुढे केली. "थांबलात का? घाला की!"