जांभई

मशीनला बटणच नव्हतं. समोर नुसती काच, आणि काचेवर हिरवे-निळे चौकोन. कल्पिता डोंबिवलीच्या ज्या सेंटरमध्ये डायलिसिसचं काम करायची, तिथलं मशीन जुनं आणि खडखडणारं होतं, पण त्याला एक गोल खटका होता. डोळे मिटूनही तो हाताला सापडायचा. इथे नौपाड्यातल्या हॉस्पिटलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेला येऊन बघते, तर खटका गायब. हातमोज्यांच्या आत तळहात घामाने चिंब झाले होते आणि मोज्याच्या बोटाला ती काच काही केल्या दाद देत नव्हती.

आज पास व्हायलाच हवं होतं. सर्टिफिकेट नसलेल्यांना पुढच्या महिन्यापासून ठेवता येणार नाही, असं सेंटरच्या मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. इतकी वर्षं चाललं ते चाललं. घरात तिच्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं.

खुर्चीत परशुराम काका होते. वर्तकनगरचे, इथले नेहमीचे पेशंट. कोणीतरी कधीतरी शिकणारच की, म्हणत परीक्षेसाठी आपणहून तयार झालेले. सुया टोचून झाल्या, नळीतून रक्त फिरायला लागलं आणि काकांनी गप्पा काढल्या. मुलीने बाळकुमला फ्लॅट घेतलाय, बिल्डिंग झकास आहे, पण संध्याकाळी तिकडे यायला एक रिक्षावाला तयार होईल तर शपथ.

कल्पिताला बरं वाटलं. पेशंटला बोलतं ठेवायची तिच्या सेंटरमध्ये रीतच होती. तिथल्या मशीनचे आकडे लहरी, म्हणून मुली माणसाकडे बघून काम करायच्या. माणूस बडबडतोय तोवर सगळं ठीक. बोलता बोलता गप्प झाला आणि जांभया द्यायला लागला, की रक्ताचं प्रेशर उतरतंय असं समजायचं. आधी त्याचे पाय वर घ्यायचे, मग बाकीचं बघायचं.

"मॅडम, गप्पा नकोत," परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर म्हणाले. "मशीनकडे लक्ष द्या. मार्क मशीनचे आहेत."

सर काही वाईट माणूस नव्हते. बाहेर अजून बरेच जण ताटकळले होते आणि त्यांना सगळं वेळेत उरकायचं होतं, एवढंच. काकांनी हसून शाळेतल्या पोरासारखं तोंडावर बोट ठेवलं, आणि मग खरोखरच बोलले नाहीत.

अंगातलं जादा पाणी किती वेगाने काढायचं, तो आकडा लावा, असं सरांनी सांगितलं. काचेवर दोन बाण होते. कल्पिताने वरचा बाण दाबला, काही झालं नाही. पुन्हा दाबला तर आकडा भराभर चढला, तिला हवा होता त्याच्या कितीतरी पुढे. इतक्या वेगाने पाणी निघालं की माणसाचं प्रेशर उतरतं. खाली आणायला गेली तर तो चौकोनच मिटला आणि भलताच उघडला. सरांनी मान वर केली. तिने हात मागे घेतला. नंतर कमी करू, असं तिने मनाशी ठरवलं. सरांनी मशीनवरचा हिरवा दिवा बघितला आणि पुढचा प्रश्न विचारला.

प्रश्नांची उत्तरं तिला येत होती. ती धडाधड देत गेली, सर मान डोलवत गेले. तिचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच काकांनी जांभई दिली.

दुपारच्या वेळी कोणालाही जांभई येते, असं तिने स्वतःला बजावलं. काकांनी पुन्हा जांभई दिली, या वेळी तोंड भरून. त्यांच्या कपाळावर घाम चमकत होता, आणि खोलीत एसी चांगलाच गार होता.

कल्पिताचा हात खुर्चीच्या दांड्याकडे गेला. तो ओढला की पाय वर झाले असते. पण विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, ही पहिलीच सूचना होती. विचारावं, तर सर म्हणणार, का? आकडा चुकून चढला आणि उतरवता येत नाही, हे सांगावं लागणार. मग संपलंच. काचेवर प्रेशरचा आकडा हिरवा, ठणठणीत दिसत होता. तो सुरुवातीला घेतलेला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताजा कसा घ्यायचा, ते मात्र कुठे दिसत नव्हतं.

"शेवटचं," सर म्हणाले. "पेशंट स्टेबल आहे?"

तिने काकांकडे बघितलं. डोळे मिटलेले, खालचा ओठ सैल सुटलेला. मग तिने काचेकडे बघितलं.

"स्टेबल आहे, सर."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

"गुड. हात चांगला आहे तुमचा. पास आहात." सरांनी सही केली आणि काकांकडे एक नजर टाकली. "झोपले वाटतं. झोपू दे. पुढच्यांना पाठवा आत."

पास. किती दिवस ती या एका शब्दासाठी झुरत होती, आणि आता तो कानावर पडूनही आनंद काही होईना. दार उघडलं. पुढचा उमेदवार, साईनाथ नावाचा मुलगा, आत येऊन काचेकडे बघत उभा राहिला आणि याला बटणं कुठे आहेत, असं हळूच तिला विचारू लागला.

"काका," कल्पिता म्हणाली. मग जरा मोठ्याने, "काका, बोला ना काहीतरी."

मशीनने आपणहून प्रेशर घ्यायला घेतलं. काकांच्या दंडावरचा पट्टा फुगला, घट्ट झाला आणि हळूहळू सैल पडला. काचेवर आकडा आला नाही; मशीनला प्रेशर सापडत नव्हतं. पट्टा पुन्हा फुगू लागला.